प्रश्न विचारणारे आले, उत्तरे घेऊन गेले...
आत्महत्याग्रस्त कुटुंबांवरील संशोधन आणि वाशिमसमोरचा नैतिकतेचा प्रश्न

वाशिम, प्रतिनिधी

पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर गेल्या दोन दशकांत जेवढे संशोधन झाले, तेवढे राज्यातील अन्य कोणत्याही ग्रामीण प्रश्नावर क्वचितच झाले असेल. अर्थशास्त्रज्ञ आले, मानसोपचारतज्ज्ञ आले, समाजकार्याचे विद्यार्थी आले, शासकीय पथके आली. प्रत्येकाच्या हातात प्रश्नावली होती आणि प्रत्येकाच्या समोर, बहुतेक वेळा, घरातला कर्ता माणूस गमावलेले एक कुटुंब होते. या अभ्यासांतून अहवाल निघाले, शोधनिबंध प्रसिद्ध झाले, मदतीच्या योजनाही आकाराला आल्या. मात्र ज्यांच्या उत्तरांवर हे सारे उभे राहिले, त्या माणसांशी संशोधनाने कसे वागावे, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

वाशिम जिल्ह्यासाठी हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात वाशिमचाही समावेश होता. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की रुग्णालय आले, अध्यापन आले आणि त्यापाठोपाठ संशोधनही आले. आजवर नागपूर, सेवाग्राम, मुंबई वा दिल्लीहून येणारा अभ्यासक उद्या जिल्ह्यातलाच असेल. त्याने कोणते नियम पाळायचे आणि ते पाळले जातात की नाही हे कोणी पाहायचे, हे ठरवण्याची वेळ त्यामुळे आली आहे.

एकशे अकरा घरे

या चर्चेचा आरंभ वाशिमच्याच एका अभ्यासापासून करणे उचित ठरेल. शेतकरी आत्महत्यांचा विषय २००४-०५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाच्या निर्देशानंतर टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये कारणांचा शोध घेणारा अहवाल सादर केला. त्यापाठोपाठ राज्य शासनाने मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेकडे हे काम सोपवले. डॉ. श्रीजित मिश्रा यांनी केलेला हा अभ्यास जानेवारी २००६ मध्ये शासनाला सादर झाला. त्याचे क्षेत्रकार्य वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांत झाले होते.

या अभ्यासाचे वेगळेपण त्याच्या पद्धतीत होते. केवळ आत्महत्या झालेल्या घरांत जाऊन कारणे विचारली, तर बहुतेक ठिकाणी कर्ज, नापिकी, आजारपण, मुलीचे लग्न अशीच उत्तरे मिळणार. पण कर्ज आणि नापिकी तर शेजारच्या घरातही असते. मग एकाने जीवन संपवले आणि दुसऱ्याने नाही, असे का? हे तपासण्यासाठी संशोधकांनी आत्महत्या झालेल्या १११ कुटुंबांबरोबरच तशी घटना न घडलेल्या १०६ शेतकरी कुटुंबांचीही माहिती घेतली. शास्त्रीय भाषेत याला तुलनागट म्हणतात. आत्महत्या झालेल्या कुटुंबांपैकी ८७ टक्क्यांत कर्जबाजारीपणा आणि ७४ टक्क्यांत खालावलेली आर्थिक स्थिती हे घटक आढळले. दोन्ही गटांची तुलना केली असता आत्महत्याग्रस्त कुटुंबांवरील थकीत कर्ज अधिक असल्याचे आणि त्यांच्याकडील बैलांसारखी साधनसंपत्ती कमी असल्याचे दिसून आले. राज्यातील पुरुष शेतकऱ्यांमधील आत्महत्यांचे दर लाखामागील प्रमाण १९९५ मधील १५ वरून २००४ मध्ये ५७ वर गेल्याचा निष्कर्षही याच अभ्यासाचा.

त्याच वर्षी १ जुलै रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. वाशिम त्यात होताच. म्हणजे संशोधन निष्फळ गेले, असे म्हणता येणार नाही. शोकाकुल घरांनी दिलेल्या उत्तरांमुळे एक वस्तुस्थिती आकड्यांत मांडता आली आणि धोरणकर्त्यांना ती टाळता आली नाही. अशा अभ्यासांची गरज कोणी नाकारत नाही. आकडे नसते तर ‘व्यसनामुळे मेला’, ‘घरगुती भांडण होते’ एवढ्यावर विषय मिटवणे सोपे गेले असते. प्रश्न आहे तो ही उत्तरे कशी घेतली जातात आणि घेतल्यानंतर काय होते, याचा.

संमती आणि अंगठा

माणसांवरील संशोधनाची आधुनिक नीती औषधांच्या आणि शस्त्रक्रियेच्या अनुभवातून घडली. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ मध्ये न्युरेंबर्ग संहिता आली आणि तिने सहभागी व्यक्तीच्या स्वेच्छा संमतीला पहिले स्थान दिले. जागतिक वैद्यक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय रुग्णांना उपदंशावरील उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेल्याचे उघड झाल्यावर तेथेही नियम कडक झाले. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ मधील सुधारणेत तर शब्दच बदलला. ज्यांच्यावर संशोधन होते त्यांचा उल्लेख आता ‘सहभागी’ असा केला जातो. हा बदल केवळ भाषेचा नाही. माणूस ही अभ्यासाची वस्तू नसून तो अभ्यासातला भागीदार आहे, अशी त्यामागची भूमिका आहे.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरण निवेदन काढले. २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली, २००६ मध्ये त्यांत सुधारणा झाली आणि २०१७ मध्ये सध्याची राष्ट्रीय तत्त्वे प्रसिद्ध झाली. या तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला अभ्यासाचा हेतू, लागणारा वेळ, संभाव्य त्रास, संभाव्य लाभ आणि नकार देण्याचा अधिकार हे सर्व तिला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. मध्येच माघार घेण्याची मुभा असते आणि त्याचा तोटा तिला होता कामा नये. व्यक्ती निरक्षर असेल तर निष्पक्ष साक्षीदार आवश्यक असतो.

कागदावर हे चोख दिसते. वाशिममधील गावात मात्र या अटींची कसोटी लागते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आणि जिल्ह्यात अनेक तांडे. तांड्यावरच्या वृद्ध स्त्रीची घरची बोली गोरमाटी. शासकीय वळणाच्या मराठीत छापलेला दोन पानी संमतीपत्राचा मजकूर वाचून दाखवला आणि खाली अंगठा घेतला, तर नियम पाळल्याची नोंद होते, पण संमती मिळाली असे म्हणता येईल का? शिवाय अभ्यासकासोबत गावात शिरताना सरपंच, तलाठी, ग्रामसेवक वा आशा स्वयंसेविका असते. गावकऱ्यांच्या लेखी ही सारी ‘साहेबांची माणसे’. रेशन, घरकुल, पीकविमा ज्यांच्या कागदावर अवलंबून, त्यांच्यादेखत नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते, हे वेगळे सांगायला नको.

या संदर्भात आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे २००९-१० मध्ये किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याच्या प्रकल्पाचे उदाहरण बोलके आहे. खम्मममध्ये पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षक आणि मुख्याध्यापकांच्या सह्या संमतीपत्रांवर असल्याचे निष्पन्न झाले. प्रकल्प एप्रिल २०१० मध्ये थांबवण्यात आला आणि २०१३ मध्ये संसदीय स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. मुलींच्या मृत्यूंचा लशीशी थेट संबंध चौकशीत प्रस्थापित झाला नव्हता. तरीही संमतीच्या प्रक्रियेतील ढिलाईने संपूर्ण प्रकल्पावरचा विश्वास उडाला. चांगल्या हेतूचे संशोधनही पद्धत चुकली की कसे बुडते, याचा हा धडा आहे.

पात्र-अपात्रतेची सावली

आत्महत्येनंतर नातेवाइकांच्या मुलाखती घेऊन मृत व्यक्तीची मनःस्थिती आणि परिस्थिती उलगडण्याच्या पद्धतीला तज्ज्ञांच्या परिभाषेत मानसशास्त्रीय शवविच्छेदन म्हणतात. शब्द कठोर आहे आणि प्रक्रियाही तेवढीच नाजूक. कर्ज किती होते, दारू पीत होता का, आदल्या रात्री काय बोलला, घरात भांडण झाले होते का, असे प्रश्न विधवेला, आईला वा भावाला विचारायचे असतात. घटनेनंतर लगेच गेले तर दुःख ताजे असते. फार उशिरा गेले तर आठवणी पुसट झालेल्या असतात किंवा गावाने ठरवलेली कहाणीच घरच्यांच्याही तोंडी बसलेली असते. उत्तर कोण देतो यावरही चित्र बदलते. ओसरीवर बसलेला दीर बोलतो आणि आत उभी असलेली पत्नी ऐकते, अशा मुलाखतीत पत्नीची बाजू नोंदली जात नाही.

विदर्भात यावर आणखी एक सावली आहे, ती शासकीय मदतीची. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात वारसांना १ लाख रुपयांची मदत मिळते. त्यातील ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या स्वरूपात देण्याची पद्धत राहिली आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. नापिकी, कर्ज आणि परतफेडीचा तगादा यांवर हा निर्णय अवलंबून असतो. अशा स्थितीत दारात आलेल्या अनोळखी माणसाला, तो कोणत्याही संस्थेचा असो, घरचे लोक काय सांगतील? नवऱ्याला जुने आजारपण होते वा तो व्यसनी होता, हे खरे असले तरी ते उच्चारण्याची किंमत १ लाख रुपये असू शकते. उलट ‘हा माणूस आपले प्रकरण मार्गी लावेल’ या आशेनेही कुटुंब मुलाखतीला तयार होते.

दोन्ही बाबी गंभीर आहेत. पहिलीमुळे माहितीची विश्वासार्हता धोक्यात येते. दुसरीमुळे संमतीच गैरसमजावर उभी राहते. औषधचाचणीतील रुग्णाला आपल्याला मिळते आहे तो उपचारच आहे असे वाटते, तसाच हा प्रकार. म्हणूनच ‘हा अभ्यास आहे, याचा मदतीच्या प्रकरणाशी संबंध नाही, तुम्ही सांगाल ते समितीकडे जाणार नाही’ ही तीन वाक्ये मुलाखतीच्या आरंभी स्पष्टपणे आणि पुन्हा शेवटी सांगणे, ही संशोधकाची किमान जबाबदारी ठरते. इथे नीती आणि शास्त्र वेगळे राहत नाहीत. ज्या घराला भीती वाटत नाही, तेच घर खरे बोलते.

कायद्याचीही एक भीती होती. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यामुळे ‘असा विचार वा प्रयत्न कधी केला का’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखे होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेच नाही. गावापर्यंत ही माहिती पोहोचवणे हेही आता अभ्यासकांचे काम आहे.

तुलनागटातील माणूस

ज्याच्या घरी दुर्घटना घडलेली नाही, त्या तुलनागटातील शेतकऱ्याचा विचार सहसा कोणी करत नाही. त्याच्यावरही कर्ज आहे, त्याचेही सोयाबीन हातचे गेले आहे. त्याला दोन तास प्रश्न विचारल्यावर तोही तीव्र नैराश्यात असल्याचे संशोधकाच्या लक्षात आले तर? प्रश्नावली भरून, आभार मानून निघून यायचे का?

आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज संशोधनाने खोडून काढला आहे. संवेदनशीलतेने विचारलेला प्रश्न उलट दिलासा देतो. पण विचारणाऱ्यावर पुढची जबाबदारी येते. धोका दिसला तर उपचाराची वाट दाखवणे हे ऐच्छिक सौजन्य मानता येणार नाही. या दृष्टीने शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ हा उपक्रम लक्षणीय आहे. ३० गावांत राबवलेल्या या कार्यक्रमात पाहणीबरोबरच गावपातळीवरील समुपदेशक आणि उपचारांची साखळी उभारण्यात आली. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. मोजणे आणि मदत करणे एकाच वेळी शक्य आहे, हे यातून सिद्ध झाले.

शासकीय पाहण्यांबाबत मात्र चित्र वेगळे दिसते. २००६ मध्ये प्रशासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांत घरोघर पाहणी केली. सुमारे साडेसतरा लाख शेतकरी कुटुंबांची नोंद झाली आणि त्यांपैकी चार लाखांहून अधिक कुटुंबे तीव्र तणावात असल्याचे आढळले. २०२३ मध्ये मराठवाड्यात विभागीय आयुक्तालयाच्या पाहणीत एक लाखाहून अधिक शेतकरी अतिसंवेदनशील स्थितीत असल्याचे वृत्त आले. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे संकटात असल्याचे नावानिशी कळल्यावर त्यातील प्रत्येकापर्यंत पोहोचण्याचे कर्तव्य आपोआप निर्माण होते. राज्याच्या आरोग्य विभागाने चौदा जिल्ह्यांसाठी सुरू केलेला ‘प्रेरणा प्रकल्प’ हे त्या दिशेचे पाऊल होते. वाशिमही त्यात आहे. आशा स्वयंसेविकांनी घरोघर प्रश्नावलीद्वारे तणावग्रस्त व्यक्ती शोधायच्या आणि त्यांना समुपदेशनाकडे वळवायचे, अशी त्याची रचना. ती साखळी शेवटच्या कडीपर्यंत चालते की पहिल्या प्रश्नावलीवरच थांबते, यावर त्या पाहणीची नैतिकता ठरते.

गडचिरोली आणि उस्मानाबाद

तुलनागटाचा प्रश्न वैद्यकीय संशोधनात किती टोकाला जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. तेथे १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ महिलांचा त्यात समावेश होता. गावांचे गट पाडून तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या देण्यात आल्या, चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे व्यवहारात तपासणी नाहीच. २००९ मध्ये निष्कर्ष आले. विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. तपासणी न झालेल्या गटात ६४ महिला दगावल्या होत्या, तर विषाणू तपासणीच्या गटात ३४.

मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयानेही अशीच चाचणी केली. व्हिनेगरच्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. टीकाकारांचे म्हणणे असे, की तपासणीचा उपयोग जगात आधीच सिद्ध झाला होता. मग देशातील अशा तीन चाचण्यांत तपासणीविना ठेवलेल्या गटांतील २५४ महिलांचे मृत्यू कशासाठी? संशोधकांचे उत्तर असे, की त्या काळी या भागांत तपासणीची सोयच नव्हती आणि परवडणारी पद्धत सिद्ध केल्याशिवाय शासन ती स्वीकारणार नव्हते. अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये मुंबईच्या चाचणीतील महिलांना अन्य पर्यायांची पुरेशी माहिती दिली गेली नसल्याचा ठपका ठेवला. २०१६ मध्ये केंद्राने तिशीनंतरच्या महिलांसाठी व्हिनेगर तपासणीचा आराखडा काढला. लाभ खरा आहे आणि आक्षेपही खरा आहे. पण तपासणीविना राहिलेल्या गावातील बाईला आपण कोणत्या गटात आहोत आणि त्याचा अर्थ काय, हे कळले होते का, या प्रश्नाला लाभाचा आकडा उत्तर देऊ शकत नाही.

याउलट गडचिरोलीचा अनुभव पाहण्यासारखा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दोन गावांतील ६५० महिलांची तपासणी करून ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगासमोर आणले. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग झाला, ४७ गावे तुलनेसाठी होती. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांचा प्रश्न येथेही उपस्थित होतोच. मात्र संशोधक त्याच परिसरात राहिले आणि २०११ मध्ये हीच पद्धत आशांमार्फत देशभर स्वीकारली गेली. आज वाशिमच्या एखाद्या वाडीत बाळंतिणीच्या घरी आशा सहा-सात वेळा जाते, त्यामागे गडचिरोलीच्या त्या गावांचा सहभाग आहे. ज्ञान घेतल्यावर ते परत कसे करावे, याचा हा वस्तुपाठ म्हणावा लागेल.

कायदा कोठे थांबतो?

औषधचाचण्यांबाबत गेल्या दशकभरात कायदा बराच पुढे गेला. ‘स्वास्थ्य अधिकार मंच’च्या याचिकेवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली. २०१९ च्या नव्या नियमांनी नुकसानभरपाई, मोफत उपचार आणि दुर्बल घटकांतील सहभागींच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण अशा तरतुदी केल्या. वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनावर देखरेख करणाऱ्या नैतिकता समित्यांनाही नोंदणीची अट आली. या समित्यांत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत, अध्यक्ष बाहेरचा असावा, कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिक असावा, असा दंडक आहे.

परंतु शेतकरी कुटुंबाच्या ओसरीवर होणारे बहुतांश संशोधन या चौकटीच्या बाहेरच राहते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कृषी विस्तार, पत्रकारिता, समाजकार्य यांतील अभ्यासांवर कायद्याचे तसे बंधन नाही. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वे तयार झाली. ती आजही मोलाची आहेत, पण ऐच्छिक आहेत. शासकीय पाहणी तर ‘संशोधन’ मानलीच जात नाही. वाशिम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. राज्यातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम हे चारच जिल्हे निवडले गेले. ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाते. त्याखेरीज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, कृषी प्रकल्पांच्या पाहण्या, स्वयंसेवी संस्थांची सर्वेक्षणे वेगळीच. त्याच घरांना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात आणि पेरणीच्या दिवसांत त्यांचा अर्धा दिवस जातो. मजुरी बुडाल्याची भरपाई देण्यास परिषदेची तत्त्वे मुभा देतात, प्रत्यक्षात ती क्वचित दिली जाते.

गोपनीयतेचे काय? मोठ्या शहरात ‘४२ वर्षांचा पुरुष, चार एकर जमीन, दोन मुली’ एवढ्या वर्णनावरून कोणी ओळखता येणार नाही. दीडशे उंबऱ्यांच्या गावात मात्र नाव गाळले तरी घर ओळखू येते. अहवालात गावाचे नाव, घटनेचा महिना आणि कर्जाचा आकडा छापला की त्या घरातल्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याचे पडसाद उमटतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत दिली आहे. पण त्यात एक महत्त्वाची अट आहे. त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेता कामा नये. मोजणीसाठी गोळा केलेली माहिती कर्जवसुली, लाभार्थी यादी वा पात्रतेसाठी वापरली गेली, तर ती सवलत टिकत नाही. जिल्हा प्रशासनाने ही रेषा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

जिल्ह्याने काय करावे?

उपाय फार खर्चिक नाहीत. वाशिमच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाची नैतिकता समिती घडवताना बाहेरचे सदस्य अकोला-नागपूरहून बोलावण्याबरोबरच मानोरा-मंगरुळपीरच्या गावांतील एखादी आशा, एखादी शेतकरी विधवा, गोरमाटी जाणणारा एखादा शिक्षक यांनाही सामान्य नागरिक म्हणून स्थान देता येईल. सभेत संमतीपत्र मोठ्याने वाचून ‘हे मला समजले नाही’ असे सांगणारा माणूस तेथे असणे दहा तज्ज्ञांइतकेच मोलाचे आहे.

दुसरे म्हणजे, जिल्ह्यात येणाऱ्या प्रत्येक अभ्यासाची नोंद एका ठिकाणी ठेवता येईल. औषधचाचण्यांसाठी २००९ पासून राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे. पाहण्यांसाठी जिल्हा पातळीवर तशी वही ठेवणे अवघड नाही. कोणत्या गावात, कोणत्या विषयावर, कोणी आणि कधी प्रश्न विचारले, हे कळले तर एकाच घरावरचा भार कमी होईल आणि आधी गोळा केलेली माहिती पुन्हा वापरता येईल. अर्थात ही नोंद परवान्याचे हत्यार बनू नये. प्रशासनाला अडचणीचा वाटणारा अभ्यास रोखण्यासाठी तिचा वापर झाला, तर उपायच अपाय ठरेल.

तिसरी गोष्ट म्हणजे निष्कर्ष परत नेणे. अहवाल इंग्रजीत छापला जातो आणि दिल्ली-मुंबईत प्रकाशित होतो. ज्या गावांनी उत्तरे दिली तेथील ग्रामसभेत मराठीत दोन पानांचे टिपण वाचून दाखवणे, ही अट प्रत्येक अभ्यासाला घालता येईल. त्यातून चुका दुरुस्त होतात, हा पद्धतीच्या दृष्टीनेही फायदा आहे. गावाला आपले चित्र चुकीचे वाटले, तर ते सांगण्याची संधी मिळायला हवी.

आणि अखेरची बाब सर्वांत प्राथमिक. मृत्यू, कर्ज वा नैराश्य यांविषयी विचारणाऱ्या प्रत्येक पथकाजवळ जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार कक्षाचा पत्ता आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक असलाच पाहिजे, आणि तो देऊन आल्यावर आठवडाभराने एकदा विचारपूसही झाली पाहिजे.

२००६ च्या त्या अभ्यासातील १११ आणि १०६ घरे आज आकडे म्हणून शोधनिबंधांत उद्धृत होतात. त्यातली मुले आता कर्ती झाली असतील. त्यांच्या दारात पुन्हा कोणी प्रश्नावली घेऊन गेले तर त्याला ‘मागच्या वेळचे काय झाले?’ हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार त्यांना आहे. वाशिममध्ये यापुढे संशोधन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवूनच उंबरा ओलांडावा, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.